पंक्चर कुणाचं?

मुलांनो, सकाळी तुमच्या गल्लीत किराण्याची पोती किंवा बिस्किटांचे खोके उतरवायला टेम्पो येतो ना, त्याची नंबरप्लेट कधी निरखून पाहिली आहे का? पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर ती नेहमीची मालवाहू गाडी. पण पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी दिसली, तर ओळखा की हा टेम्पो विजेवर चालतो आणि धंद्यासाठी चालतो. (घरगुती वापराच्या विजेच्या गाडीची अक्षरं पांढरी असतात.) असा टेम्पो मागून आला तरी चटकन कळत नाही. म्हणून रस्त्यात क्रिकेट खेळणाऱ्यांनो, जरा जपून!

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बाबांचा साताऱ्यात घाऊक किराण्याचा व्यवसाय आहे. त्यांच्याकडे तीन जुने डिझेल टेम्पो होते. टेम्पो म्हणजे आपले ‘छोटा हाथी’ हो! ते बदलून विजेचे आणायचे, पण विकत न घेता भाड्याने घ्यायचे, असा विचार घरात चालला होता. घरात दोन पक्ष पडले होते. आजोबांचं म्हणणं, “लोकांच्या गाडीवर आपला धंदा? आणि बॅटरी बसली तर?” मुलीला मात्र वेगळीच चिंता. तिने मला मधल्या सुट्टीत विचारलं, “बाई, गाडी आपली नसेल तर तिच्यावर दुकानाचं नाव लिहिता येतं का?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी आजोबांच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो फार जुना आणि फार शहाणा प्रश्न आहे.

आम्ही लहान असताना सायकल तासावर मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा आणि एक-दोन रुपयांत तासभर राज्य आपलं! तुमच्या आईबाबांना विचारा, डोळे चमकतील त्यांचे. पण त्या तासाभरात एक धाकधूक असायचीच. पंक्चर झालं तर? दुकानदार म्हणायचा, “तू चालवत होतास, पैसे तू दे.” आपण म्हणायचं, “टायरच जुना होता!” चेन तुटली तर पुन्हा तोच वाद. सायकल भाड्याने घेणं म्हणजे नुसते पैसे देणं नव्हे. काही बिघडलं तर भार कुणी उचलायचा, हे आधी ठरवणं म्हणजे खरा भाडेकरार. विजेच्या गाडीत हे ‘पंक्चर’ म्हणजे तिची बॅटरी. गाडीतली सगळ्यात महाग वस्तू तीच. ती वर्षागणिक थोडी थोडी अशक्त होत जाते, आणि पाच-सहा वर्षांनी अशी जुनी गाडी कितीला विकली जाईल, हे आज छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. डिझेलच्या जुन्या टेम्पोचा भाव बाजारात कुणीही सांगतो.

तुम्हाला वाटेल, विजेची गाडी भाड्याने देणं हे आजचं खूळ. मुळीच नाही! चला, सव्वाशे वर्षं मागे न्यूयॉर्कला जाऊ.

१८९७ मध्ये तिथल्या रस्त्यांवर डझनभर विजेच्या टॅक्सी धावू लागल्या. घोडागाडीसारख्याच दिसायच्या, फक्त घोडा गायब. हेन्री मॉरिस आणि पेड्रो सालोम या दोघांनी त्या बनवल्या होत्या. त्यांची युक्ती अशी, की गाडी विकायचीच नाही. फेरीपुरती भाड्याने द्या, नाहीतर महिन्याच्या बोलीने द्या. चालक कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची आणि बॅटरीही कंपनीची. ती बॅटरी शिशाची आणि अर्ध्या टनाहून जड! गाडीतच ठेवून ती भरत बसलं तर टॅक्सी तासन् तास उभी राहणार. म्हणून ब्रॉडवे रस्त्यावरच्या एका मोठ्या इमारतीत त्यांनी यंत्रं बसवली. गाडी आत यायची, यंत्र रिकामी बॅटरी ओढून काढायचं, भरलेली आत ढकलायचं आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. आज बॅटरी बदलून देणाऱ्या रिक्षांचं आपल्याला कौतुक वाटतं, पण ही त्यांची पणजी म्हणायला हवी.

पुढे ‘इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी’ या नावाने हा धंदा वाढला. याच कंपनीचा जेकब जर्मन नावाचा चालक २० मे १८९९ रोजी पकडला गेला. गुन्हा काय, तर ताशी १२ मैलांचा, म्हणजे साधारण १९ किलोमीटरचा भन्नाट वेग! मर्यादा होती ८ मैलांची. आणि त्याला पकडलं कुणी? सायकलवरच्या पोलिसाने!

न्यूयॉर्कचं यश पाहून बोस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो अशा शहरांत भराभर तशाच कंपन्या निघाल्या. पण बॅटऱ्यांची निगा राखणारे जाणकार हात भराभर कुठून आणणार? खडबडीत रस्त्यांवर त्या नाजूक बॅटऱ्या आदळत होत्या, चुकीच्या पद्धतीने भरल्या जात होत्या, लवकर मरत होत्या. गाडी चालवणारा मालक नव्हता आणि मालकाचं लक्ष गाडीपेक्षा पसाऱ्यावर होतं. १९०७ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं.

म्हणजे आजोबा बरोबर? थांबा, गोष्ट संपली नाही. न्यूयॉर्कहून फार लांब नसलेल्या हार्टफर्ड नावाच्या शहरात १९१० नंतरच्या काळात तिथल्या वीज कंपनीनेच डोकं लढवलं. दुकानदारांनी मालवाहू गाडी घ्यायची, पण बॅटरीशिवाय! बॅटरी वीज कंपनीची. दुकानदाराने गाडीच्या देखभालीचे महिन्याला ठरावीक पैसे द्यायचे आणि जितके मैल चालेल तितके मैलाप्रमाणे द्यायचे. बॅटरी संपली की बदलून मिळणार, खराब झाली तर कंपनी बघून घेणार.

फरक लक्षात आला? बॅटरी जगली तर वीज कंपनीचाच फायदा, मेली तर तिचंच नुकसान. शिवाय बॅटरी म्हणजे काय हे तिला दुकानदारापेक्षा जास्त कळत होतं. ज्याला पंक्चर काढता येतं त्याच्याकडेच पंक्चरची जबाबदारी! ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तेवढ्या काळात त्या गाड्या ६० लाख मैलांहून जास्त धावल्या. तोपर्यंत पेट्रोलच्या गाड्या स्वस्त आणि सुधारलेल्या झाल्या होत्या, त्यांनी बाजार मारला. पण तो वेगळा विषय.

आता साताऱ्याच्या गोदामात परत येऊ आणि पाटी-पेन्सिल घेऊ. (गणित म्हटलं की पान उलटू नका, बेरीज-वजाबाकीच आहे!) टाटांचा ‘छोटा हाथी’ २००५ मध्ये आला आणि त्याचा विजेवरचा भाऊ मे २०२२ मध्ये जाहीर झाला. त्याची बॅटरी २१.३ युनिटची. तुमच्या घरच्या वीजबिलात असतं तेच युनिट. कागदावर तो एका भरण्यात १५४ किलोमीटर जातो. पण कागदावर चढ नसतो, खड्डे नसतात आणि गूळ-साखरेची पोतीही नसतात. म्हणून आपण समजू या की प्रत्यक्षात २० युनिटमध्ये ९० किलोमीटर झाले. एक युनिट १० रुपयांना धरलं तर खर्च २०० रुपये. तेवढ्याच अंतराला डिझेल समजा ५ लिटर लागलं आणि लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर ४५० रुपये. रोजची बचत २५० रुपये. महिन्याचे २६ दिवस गाडी चालली तर ६,५०० रुपये.

आता नव्या डिझेल टेम्पोच्या हप्त्यापेक्षा विजेच्या टेम्पोचं भाडं महिन्याला समजा ५,००० रुपयांनी जास्त आहे. तरी दीड हजार हातात उरले! पण तोच टेम्पो रोज ३६ किलोमीटरच चालला तर? डिझेल २ लिटर, म्हणजे १८० रुपये. वीज ८ युनिट, म्हणजे ८० रुपये. बचत रोजचे १०० आणि महिन्याचे २,६००. म्हणजे खिशातून २,४०० गेले. गंमत आहे पाहा. विजेची गाडी भरपूर पळाली तरच परवडते, पण इतकीही पळता कामा नये की वाटेतच दमून बसेल. त्यामुळे कुठला टेम्पो रोज किती चालतो, हे माहीत नसताना भाडेकरारावर सही करणं म्हणजे डोळे मिटून उडी मारणं.

हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, वीज तर कोळशातूनच येते ना?” खरं आहे. आपल्या राज्यातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. गल्लीतला धूर गेला तरी सगळा धूर नाहीसा होत नाही. हा मुलगा परीक्षेत फारसे गुण मिळवत नाही, पण प्रश्न असे विचारतो!

भाड्याच्या गाड्यांचं मोठं उदाहरण मुंबईत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत विजेवरची दुमजली बस सुरू झाली. ती बेस्टच्या लाल रंगात, पण बेस्टच्या मालकीची नाही! बस कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. बेस्ट किलोमीटरप्रमाणे पैसे मोजते. याला ‘वेट लीज’ म्हणतात. त्यात ओलं काहीच नसतं. चालकासकट गाडी भाड्याने घेणं, एवढाच अर्थ. शब्द विमानवाल्यांकडून आला आहे. पण या पद्धतीची दुसरी बाजूही मुंबईकरांनी पाहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या बसच्या चालकांनी पगारासाठी काम बंद केलं आणि थांब्यांवर रांगा लागल्या. प्रवासी बेस्टकडे बोट दाखवत होते, चालकाचा पगार मात्र कंत्राटदाराकडे. बॅटरीची काळजी कुणी घ्यायची हे करारात बारकाईने लिहिलेलं असतं. चालकदादांची काळजी कुणी घ्यायची, हेही तितक्याच बारकाईने लिहायला नको का?

साताऱ्याच्या बाबांनी मग काय केलं? महिनाभर त्यांनी तिन्ही टेम्पोंचे किलोमीटर वहीत लिहिले. लिहायचं काम मुलीकडे होतं, तेही रोज संध्याकाळी. कोरेगाव-रहिमतपूरच्या बाजूला जाणारे दोन टेम्पो रोज ८० ते ९० किलोमीटर करत होते आणि रात्री हमखास गोदामात परत येत होते. तिसरा घाटातल्या गावांना जायचा. तो कधी मुक्कामाला राहायचा, तर कधी दोन दिवस नुसताच उभा. म्हणून दोनच टेम्पो भाडेतत्त्वावर घ्यायचं ठरलं आणि तिसरा डिझेलचाच राहिला. गोदामाचा वीजभार वाढवून घ्यायला महावितरणकडे अर्ज गेला. तिन्ही चालकांना पूर्वीप्रमाणे आपल्याच नोकरीत ठेवायचं, हे बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

करार वाचायला आजोबा बसले, चष्मा लावून. बॅटरी ठरावीक मर्यादेखाली अशक्त झाली तर कोण बदलणार? गाडी बंद पडली तर दुसरी किती तासांत मिळणार? वर्षाला ठरलेल्यापेक्षा जास्त किलोमीटर झाले तर जादा पैसे किती? परत देताना ओरखड्यांचे पैसे कापणार का? अशा अकरा ठिकाणी त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या. त्यातल्या आठ गोष्टी कंपनीने बदलून दिल्या.

आणि नावाचं? करारात लिहिलं होतं की गाडीवर रंग मारायचा नाही, पण निघू शकेल असं स्टिकर चालेल. मग दोन्ही दारांवर दुकानाच्या नावाचं लालभडक स्टिकर लागलं. पहिल्या दिवशी आजोबांनी नारळ फोडला आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. ती भाड्यात धरलेली नव्हती, तिचे पैसे त्यांनी स्वतः दिले.