कागद वाचता यावा म्हणून

ॲडमिशनचे दिवस आले की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. कुठलं बोर्ड, फी किती, बस कुठपर्यंत येते! परवा स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना मी सहज विचारलं, "तुमची मुलगी कुठल्या शाळेत आहे?" त्या म्हणाल्या, "महापालिकेच्या." आणि आवाज खाली घेऊन पुढे म्हणाल्या, "काय करणार, दुसरीकडे परवडत नाही ना."

तो उतरलेला आवाज मनातून जाईना. कारण ही शाळा कुणी दान म्हणून दिलेली नाही. ती भांडून मिळवलेली आहे.

१८८२ मध्ये इंग्रज सरकारने देशातल्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली त्याला तोवर ३४ वर्षं झाली होती, त्यामुळे जे सांगत होते ते अनुभवाचं होतं. त्यांचा मुद्दा रोखठोक होता. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून आणि पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असा सरकारी हिशेब. फुल्यांचं म्हणणं, तसं काही झिरपलेलं दिसत नाही. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि सरकारने या कामातून अंग काढून घेऊ नये.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. शाळेत शिकवायचं काय? त्यांच्या यादीत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन आहे, हिशेब आहे, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे धडे आहेत. मोडी कशाला, असं आज वाटेल. पण सावकाराची खतं आणि गावचं दप्तर मोडीतच असे. अंगठा उठवण्याआधी कागद वाचता आला, तर जमीन वाचण्याची आशा होती! शिक्षकही शेतकरी समाजातले हवेत, नांगराची मूठ धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे, आणि त्यांना पगार चांगला द्या, असा त्यांचा आग्रह होता. नोकरी मिळवून देणारी शाळा त्यांना नको होती असं नाही. पण पोराने गावातच राहून शेती केली, तरी त्याला कुणी फसवू नये, हा त्यांचा हिशेब होता.

आयोगाने सक्ती काही मानली नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी मात्र १८९३ मध्ये अमरेली भागात ती करून पाहिली आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केली. तेच उदाहरण देत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड! सगळ्या देशासाठी ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्यक्ष मिळायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

हक्क मिळाला, पण तोवर आपल्यासारख्यांनी त्या शाळांकडे पाठ फिरवली होती. माझी दोन्ही मुलं खासगी शाळेत शिकली, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांचा शब्द कुणी ऐकेल अशी घरं शाळेतून निघून गेली, की गळक्या छपरासाठी आणि रिकाम्या शिक्षकाच्या जागेसाठी भांडणार कोण? सगळ्यांच्या पैशातून सगळ्यांसाठी असलेली शाळा मग हळूहळू "ज्यांना परवडत नाही त्यांची" होते.

गेल्या आठवड्यात ताई बचतगटाच्या कर्जाचा फॉर्म घेऊन आल्या. मला वाटलं, भरून द्यायचा असेल. तर म्हणाल्या, "नाही हो, पोरीने वाचला. म्हणाली, आई, रकमेची जागा कोरी आहे, ती भरल्याशिवाय सही करू नकोस. आता तो परत द्यायला निघालेय, म्हणून आज जरा लवकर जाऊ का?"