शेतकऱ्याच्या पायात बूट हवा, पण कोणता?

मृगाचा पाऊस पडला की कळंबच्या बाजारात बी-बियाणे, खते आणि औषधे यांच्या दुकानांत गर्दी होते. कोणते सोयाबीन पेरावे, कोणते तणनाशक मारावे, यावर पारापारावर चर्चा झडतात. मात्र ज्या पायांवर हा सारा शेतीचा गाडा चालतो, त्या पायांत काय घालावे, याचा विचार फारसा कोणी करताना दिसत नाही. घरात जी झिजलेली स्लीपर असेल तीच शेतात चालते. पुष्कळदा तीही बांधावर काढून ठेवली जाते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ या भागात दवाखाना चालवताना मी जे पाय पाहिले, त्यावरून आजचा लेख लिहीत आहे.

परवा एका तरुण शेतकऱ्याने मोबाईलवर परदेशी ‘शिकारी बुटां’चे चित्र दाखवून विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, हे शेतात चालतील का?’’ प्रश्न चांगला होता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद झाली. परंतु शिकाऱ्याला बुटाकडून जे हवे असते, तेच आपल्या शेतकऱ्यालाही हवे असते. चिखलात घसरू नये, काटा आत शिरू नये, घोटा मुरगळू नये, दिवसभर चालून पाय सोलू नये आणि गवतात दडलेल्या जनावरापासून बचाव व्हावा. फरक एवढाच की शिकारी हौसेने रानात जात असे, शेतकऱ्याला रोज जावे लागते.

अनवाणी पायाला काय होते?

सर्वांत मोठा धोका सर्पदंशाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. शेतात चालताना होणारे बहुतेक दंश पाऊल, घोटा किंवा पोटरीच्या खालच्या भागावर होतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुतेक खेड्यातील होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

दुसरा धोका काट्याचा. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर पू होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण काट्यावाटे मातीतील बुरशी किंवा जिवाणू आत शिरून ‘मायसेटोमा’ नावाचा चिवट रोग होतो, हे अनेकांना माहीत नसते. यात पाऊल वर्षानुवर्षे हळूहळू सुजत जाते, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून बारीक कण असलेला स्राव येतो. फारसे दुखत नसल्याने रोगी उशिरा येतो आणि तोवर रोग हाडापर्यंत गेलेला असतो. हे नाव देणारे डॉ. हेन्री व्हॅनडाईक कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. त्यांनी १८७४ मध्ये या रोगावर ग्रंथ लिहिला. दीडशे वर्षे उलटली, तरी त्यावरचा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय तोच आहे : पायात जोडा.

याशिवाय पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, उन्हाळ्यातील जळवात, टाचेच्या भेगा, कुरूप, गंजलेल्या खिळ्याची जखम आणि तीतून होणारा धनुर्वात, ओल्या मातीतून कातडीवाटे शिरणारे अंकुशकृमी व त्यामुळे होणारा रक्तक्षय, ही यादी मोठी आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एक चाळिशीतला शेतकरी रात्री उसाला पाणी द्यायला गेला. विजेची पाळी रात्रीची होती. पायात स्लीपर, हातात मिणमिणती बॅटरी. दारे धरताना घोट्याजवळ घोणस चावली. घरच्यांनी आधी मंत्र्याकडे नेले आणि त्यात चार तास गेले. माझ्याकडे आणले तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होते आणि लघवी लाल झाली होती. मी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली, अनेक वेळा डायलिसिस करावे लागले. तो वाचला, पण वर्षभर त्याला कष्टाचे काम जमले नाही आणि घरची एक एकर जमीन गहाण पडली.

त्याच्या धाकट्या भावाने त्या वर्षीपासून गमबूट घालायला सुरुवात केली. दोन हंगामांनंतर तो मला बूट दाखवायला आला. पोटरीच्या जागी रबरावर दोन बारीक टोचे होते आणि आत कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. तरीही मी त्याला एक दिवस देखरेखीखाली ठेवून रक्त गोठण्याची तपासणी केली. ती व्यवस्थित आली. साधा गमबूट आजही डीएपीच्या एका पोत्यापेक्षा कमी किमतीत मिळतो. शेतकरी सर्पदंशाने दगावला तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. ही मदत आवश्यकच आहे, पण त्या पैशाची वेळच येऊ नये यासाठी बूट आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोणताही बूट शंभर टक्के सर्पदंशरोधक नसतो. घोणशीचे दात सुमारे दीड सेंटीमीटरपर्यंत लांब असतात. मात्र जाड रबर आणि आतील मोकळी जागा मिळून दात कातडीपर्यंत पोचण्याची शक्यता बरीच कमी होते. हाताला मात्र बूट वाचवीत नाही. सोयाबीनची गंजी किंवा कडब्याची पेंढी उचलण्याआधी काठीने हलवावी.

कोणत्या कामाला कोणता बूट?

एकच बूट बारा महिने सर्व कामांना पुरत नाही. पाणी देणे, चिखलातील कामे आणि ऊसतोड यांसाठी गुडघ्याच्या थोडा खाली येणारा गमबूट उत्तम. कोरड्या दिवसांत, हरभरा काढणी किंवा नांगरटीच्या वेळी, घोट्याच्या वर येणारा कातडी किंवा जाड कापडी बूट बरा, कारण उन्हात गमबुटात पाय उकडून निघतो. पोलादी टोपीचा बूट कारखान्यात, गोदामात वा अवजड वस्तू उचलताना उपयोगी पडतो. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्याला त्याचे ओझेच होते.

कपड्याच्या किंवा फोमच्या खेळाच्या बुटाबद्दल एक इशारा. त्याच्या तळव्यातून खिळा आरपार गेला तर ओलसर फोममध्ये वाढणारे विशिष्ट जिवाणू जखमेत जातात आणि हाडाला संसर्ग होऊ शकतो. अशी जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी.

फवारणी करताना गमबूट घातलाच पाहिजे आणि पँटचा पाय बुटाच्या बाहेरून सोडावा. आत खोचला तर ओघळणारे औषध थेट बुटात जाते आणि पाऊल तासन्‌तास विषात भिजत राहते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले, हे विसरू नये.

खरेदी करताना

१) बूट सायंकाळी घ्यावा. दिवसभर उभे राहून पाऊल थोडे फुगलेले असते. सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावतो.

२) जे मोजे शेतात घालणार, तेच घालून बूट घालून पाहावा. दोन्ही पायांत घालावा, कारण बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे मोठे असते. मोठ्या पावलाचे माप घ्यावे.

३) उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चालताना टाच वरखाली सरकता कामा नये. टाच सरकली की फोड आलाच.

४) बूट हातात धरून वाकवावा. तो बोटांच्या सांध्याजवळ वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट टाचेला आणि कंबरेला त्रास देतो.

५) तळवा उलटा करून पाहावा. नक्षी खोल आणि खाचांमध्ये अंतर असलेली हवी. आपल्या काळ्या मातीत बारीक नक्षी लगेच भरून जाते आणि बूट सपाट होऊन घसरतो.

६) कातडी बुटाचा तळवा केवळ चिकटवलेला आहे की शिवलेला, हे विचारावे. चिकटवलेला तळवा पाण्यात लवकर सुटतो. गमबूट असेल तर घोट्याजवळ दाबून पाहावा. तेथे पांढऱ्या रेघा किंवा बारीक चिरा दिसल्या तर माल जुना आहे.

७) ‘‘घालून घालून सैल होईल’’ या दुकानदाराच्या आश्वासनावर घट्ट बूट घेऊ नये. कातडे थोडे सैलावते, रबर अजिबात नाही.

घरातील स्त्रियांचे काय?

खुरपणी, काढणी, वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. पण बूट घेतला तर तो घरातल्या पुरुषाला. उंच गमबूट घालून उकिडवे बसता येत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी घोट्यापर्यंतचा हलका रबरी बूट आणि जाड मोजे हा चांगला पर्याय आहे. दुकानात बायकांच्या मापाचा नसेल तर मुलांच्या मापात शोधावा. पुरुषाचा मोठा बूट चिंध्या कोंबून बाईला देऊ नये, त्याने पाय मुरगळतो.

मधुमेहींनी विशेष जपावे

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. खडा टोचलेला कळत नाही, फोड फुटलेला समजत नाही. अशा रुग्णाने नवा बूट पहिल्या दिवशी एक तासच घालावा, मग काढून लाली किंवा फोड आहे का ते पाहावे. दररोज घालण्यापूर्वी आत हात फिरवावा आणि रात्री आरशात तळवे पाहावेत. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला किंवा कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाण्याचा नवस अनेकांचा असतो. श्रद्धेबद्दल आदर आहेच. परंतु ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे, त्यांनी अनवाणी चालू नये. तापलेल्या डांबराने भाजलेले पाऊल मी पाहिले आहे आणि त्यातून बोट गमावलेला रुग्णही.

बुटाची निगा

बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटावा. आत विंचू किंवा साप बसलेला असू शकतो. चिखल त्याच दिवशी धुवावा. ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. आत जुनी वर्तमानपत्रे कोंबून सावलीत ठेवावा. मोजे रोज धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

तरीही साप चावलाच तर

रुग्णाला धीर द्यावा, चालवू नये. बूट, जोडवी, पैंजण लगेच काढावेत, कारण सूज वेगाने चढते. आवळून बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे हे प्रकार करू नयेत. पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविषाची लस चारही विषारी सापांवर चालते, त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. मंत्र्याकडे घालवलेला प्रत्येक तास मूत्रपिंडाच्या आयुष्यातून वजा होतो.

यंदा पेरणीच्या खर्चाचा हिशेब मांडाल, तेव्हा बियाणे, खत आणि औषध यांच्या खाली आणखी एक ओळ लिहा : बूट, घरातील शेतात जाणाऱ्या प्रत्येकासाठी एक जोड.