सिक पासवर कारण काय लिहायचं?

गडचिरोली पोलीस दलात माझी उभी हयात गेली. आमचा एक जवान रजेवर आला की रस्त्यात मोरी दिसेल तिथं मोटारसायकल थांबवायचा, उतरून खाली वाकून बघायचा आणि मगच पुढं निघायचा. मागं बायको, तिच्या मांडीवर लेकरू. नक्षलवादी भूसुरुंग मोरीखाली पेरतात, हे तो ड्युटीवर शिकला होता. घरी आला तरी ते सुटत नव्हतं. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभूळखेडा इथं भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. मागं राहिलेल्यांच्या झोपेचा हिशेब कुणी ठेवला नाही.

१९९० साली उभ्या राहिलेल्या आमच्या नक्षलविरोधी सी-६० पथकातली बरीच पोरं याच जिल्ह्यातली. अभियान ज्या जंगलात, घरही त्याच जंगलाच्या कडेला. डॉक्टरकडं जायचं तर ठाणेदाराकडून सिक पास, पासवर कारण, आणि ते कारण संध्याकाळपर्यंत मेसमध्ये पोचलेलं. ‘याचं डोकं सरकलं, हत्यार काढून घ्या,’ हे शब्द मी या कानांनी ऐकलेत. केंद्रीय राखीव पोलीस दलात तर बढतीला ‘शेप-१’ ही वैद्यकीय श्रेणी लागते आणि तिच्यात मनाचीही तपासणी असते. म्हणून झोप उडालेला जवान डोकेदुखीची गोळी मागून गप्प बसतो.

कायदा मात्र त्याच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार मनाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अपवाद मोजके: जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, असे. जवानाच्या मनात जीव द्यायचं घोळत असेल तर त्याच्या हाती हत्यार नको, हे बरोबरच. पण तेवढ्यापुरतं ज्याला कळायला हवं त्यालाच कळावं, अख्ख्या बराकीला नव्हे.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. लष्करातल्या जवानांसाठी १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्ष उघडला. या फोनला सिक पास लागत नाही.

ठाणेदारांना माझी विनंती आहे: पासवर ‘वैद्यकीय कारण’ एवढंच लिहा. आणि घरच्यांनो, तो रात्री दचकून उठत असेल तर गावात बोलू नका, १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या.