चिरोची वाट

आमच्या अचलपूरला मूर्तिजापूरहून एक छोटी गाडी यायची. सगळे तिला शकुंतला म्हणत. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. लहानपणी अब्बा मला सायकलच्या दांडीवर बसवून ती बघायला न्यायचे. आता काही वर्षांपासून ती बंद आहे, रुळांत गवत वाढलं आहे. एकदा तिथून जाताना नववीतल्या माझ्या मुलानं विचारलं, “अम्मी, गाडी बंद झाली की तिच्या रस्त्याचं काय होतं?”

या प्रश्नाचं एक उत्तर आम्हाला गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मिळालं, तेही थेट बोस्नियात. माझा धाकटा भाऊ व्हिएन्नात नोकरी करतो. त्याचा बऱ्याच दिवसांपासून आग्रह होता, “आपा, एकदा या. मोस्तारचा पूल दाखवतो आणि तिथून सायकलवर फिरवतो.” पुलाचं ऐकून मी लगेच हो म्हटलं. सायकलचं ऐकून मात्र घाबरले. बी.एड. झाल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता!

बोस्निया-हर्झेगोव्हिनातलं मोस्तार ते क्रोएशियातलं दुब्रोव्निक अशी ही सायकलवाट सुमारे १६० किलोमीटरची आहे. १८७८ मध्ये बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला. त्या सरकारनं डोंगराळ मुलखात कमी खर्चात होतील म्हणून अरुंद रूळ टाकले. दुब्रोव्निककडे जाणारा फाटा १९०१ मध्ये सुरू झाला. दोन रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर, म्हणजे आमच्या शकुंतलेपेक्षा फक्त दोन मिलिमीटर कमी. लोकांनी या गाडीचं लाडाचं नाव ठेवलं ‘चिरो’. १९७६ मध्ये ती बंद झाली आणि रूळ काढले गेले. वाट, बोगदे, पूल आणि दगडी स्थानकं तेवढी मागे राहिली. आज त्याच वाटेवर सायकली चालतात.

आम्ही तीन दिवसांचा बेत केला. मी, माझा मुलगा, भाऊ आणि त्याची बारा वर्षांची मुलगी सायकलवर. मुलाच्या अब्बांचे गुडघे दुखतात, म्हणून ते आणि भावजय सामान घेऊन मोटारीनं पुढे जाणार. दुब्रोव्निकपर्यंत न जाता आम्ही शेवटी त्रेबिन्ये या गावाकडे वळणार होतो.

साराजेवोहून रेल्वेनं मोस्तारला पोहोचलो. नेरेत्वा नदीवरची ती कमान पाहिली आणि मुलंही गप्प झाली. सिनानचे शागीर्द मिमार हैरुद्दीन यांनी हा पूल १५६६ मध्ये पूर्ण केला. चारशेहून अधिक वर्षं तो उभा होता. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात क्रोएट फौजांच्या तोफगोळ्यांनी तो नदीत कोसळला. पुढे तशाच स्थानिक दगडातून तो पुन्हा बांधला आणि जुलै २००४ मध्ये खुला झाला. पुलाजवळच्या मशिदीत फज्रची नमाज पढून आम्ही निघालो.

पहिला दिवस नेरेत्वाच्या काठानं गेला. इथे वाट बरीचशी साध्या रस्त्यावरून जाते. दुपारी पोचितेल लागलं. डोंगरउतारावरचं दगडी गाव, त्यात सोळाव्या शतकातली मशीद. तीही १९९३ मध्ये उद्ध्वस्त झाली होती, आता पुन्हा उभी आहे. जोहरची नमाज तिथेच झाली. मुक्काम चाप्लिना गावी. माझी कंबर बोलू लागली होती, पण हिंमत वाढली होती.

खरी रेल्वेची वाट दुसऱ्या दिवशी सुरू झाली. चढ येणार म्हणून मी धास्तावले होते. भाऊ म्हणाला, “आपा, वाफेच्या इंजिनाला जे जमलं ते तुम्हालाही जमेल.” त्याचं खरं निघालं. रेल्वेला खडा चढ चढता येत नाही. म्हणून बांधणारे डोंगराला वळसे घालतात, कुठे तो कापतात, कुठे बोगदा खोदतात आणि हजार मीटरला फार तर वीस-पंचवीस मीटर चढ ठेवतात. त्यामुळे माझ्यासारखी चाळिशीतली बाईही हळूहळू डोंगर चढते. दोनदा उतरून सायकल ढकलली, त्याची लाज वाटली नाही.

हुतोवोच्या पुढे एक छप्पर उडालेलं दगडी घर दिसलं. आत अंजिराचं झाड वाढलं होतं. मुलानं सायकल टाकली, मोबाइल काढला आणि फोटोसाठी वाट सोडून तिकडे निघाला. चार-पाच पावलं गेला असेल, तेवढ्यात भाऊ एवढ्या जोरानं ओरडला की मुलगा जागीच थिजला. झुडपाआड लाल पाटी होती, तिच्यावर कवटीचं चित्र. भूसुरुंगाची सूचना! “हलू नकोस. ज्या पावलांनी गेलास त्याच पावलांनी मागे ये,” भाऊ म्हणाला. ती चार पावलं परत यायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. माझ्या ओठांवर फक्त दुआ होती. तो आला तेव्हा त्याला रागवावं की मिठी मारावी हेच कळेना.

१९९२ ते १९९५ च्या युद्धात पेरलेले सुरुंग या देशात अजून सगळे निघालेले नाहीत. वाट सुरक्षित आहे. धोका वाट सोडण्यात आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हे सदका आहे, असं मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. तेव्हा डोळ्यांसमोर काटा किंवा दगड असायचा. जीव मुठीत धरून दुसऱ्यांच्या लेकरांसाठी जमिनीतून सुरुंग काढणारे लोक त्या दिवशी पहिल्यांदा आठवले.

पुढे पोपोवो पोल्ये हे लांबलचक सपाट खोरं लागतं. त्यातून वाहणारी त्रेबिश्नित्सा नदी जमिनीत गडप होणारी. पूर्वी हिवाळ्यात हे खोरं महिनोन्‌महिने पाण्याखाली असायचं आणि लोक शेतांवरून होड्या चालवत. म्हणून गावं आणि रेल्वे दोन्ही डोंगराच्या कडेला वर आहेत. पुढे धरणं झाली आणि नदी सिमेंटच्या कालव्यात गेली.

संध्याकाळी राव्नोला पोहोचलो. हे कॅथलिक क्रोएटांचं गाव. बोस्नियात युद्ध पेटण्याआधीच, १९९१ च्या शरद ऋतूत, युगोस्लाव्ह सैन्यानं ते उद्ध्वस्त केलं. माझा हिजाब पाहून इथले लोक कसे वागतील, अशी धाकधूक होती. दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी आधी मुलांना पाणी दिलं, मग मला बसायला खुर्ची. भाषेची अडचण होती, पण मी उर्दूची शिक्षिका! दुकानाला त्या ‘दुचान’ म्हणत होत्या, साखरेला ‘शेचेर’. मी म्हटलं दुकान, शकर. त्या हसल्या. चहाला तर दोघींनी एकदमच ‘चाय’ म्हटलं. उस्मानी काळात आलेले हे शब्द इथे मुसलमान, क्रोएट आणि सर्ब सगळेच वापरतात. लोक एकमेकांपासून तुटले, शब्द तसेच राहिले.

तिसऱ्या दिवशी झावालाची व्येत्रेनित्सा गुहा पाहिली. तिच्या तोंडातून थंड वारा वाहतो, त्यावरूनच तिचं नाव पडलं आहे. आतल्या अंधारात डोळे नसल्यासारखा फिकट उभयचर प्राणी राहतो. २०२४ मध्ये दिल्लीत झालेल्या युनेस्कोच्या बैठकीत ही गुहा जागतिक वारसा ठरली. हे सांगताच तिथल्या तरुण वाटाड्यानं आम्हाला सलामच केला.

हूम या जुन्या जंक्शनवरून आम्ही त्रेबिन्येला वळलो. हे शहर सर्बबहुल आहे. जुन्या किल्ल्यातली उस्मान पाशाची मशीद जानेवारी १९९३ मध्ये जाळली गेली आणि इथल्या बहुतेक मुसलमानांना घरदार सोडावं लागलं. मशीद २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. असरला मोजकेच नमाजी होते. सफेत कपड्यांतल्या एका बुजुर्गांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही कोणत्या वाटेनं आलो हे भावानं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की लहानपणी त्याच गाडीनं ते मोस्तारला मामाकडे जायचे.

मोस्तारमध्ये मुसलमानांची जखम, राव्नोत क्रोएटांची, त्रेबिन्येत पुन्हा मुसलमानांची. झावालाच्या जुन्या सर्ब मठालाही युद्धाची झळ लागली होती. चिरोच्या डब्यात मात्र हे सगळे शेजारी बसून जात. आता त्याच वाटेवर त्यांचीच मुलं सायकली भाड्यानं देतात, खोल्या देतात, चहा पाजतात. न्याय पूर्ण झाला असं मी म्हणणार नाही. पण माणसं ये-जा करत राहिली की वाट बुजत नाही, एवढं नक्की.

कुणाला जायचं असेल तर थोडं सांगते. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस बरे, उन्हाळा फार कडक असतो. बोगद्यांत दिवे नसतात, टॉर्च न्या. गावं विरळ आहेत, पाणी भरपूर ठेवा. मोस्तारमध्ये हलाल जेवण सहज मिळतं. पुढे मासे, अंडी, चीज आणि रोटीवर भागवावं लागतं. क्रोएशियातून ये-जा करायची तर अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. आणि मुलांना पहिल्याच दिवशी बजावा, वाट सोडायची नाही.

परत आल्यावर मुलगा मला शकुंतलेच्या रुळांकडे घेऊन गेला. म्हणाला, “इथे सायकलवाट नको, अम्मी. इथे गाडीच हवी.” मूर्तिजापूरला जाणाऱ्या गरीब माणसाला खरोखर गाडीच हवी आहे. ती पुन्हा सुरू होवो, इन्शाअल्लाह. मी रुळांतल्या गवताकडे पाहत होते. तो वाकला, रुळावर पडलेली फुटकी बाटली उचलली आणि बाजूच्या खड्ड्यात पुरली. मी काही बोलले नाही.