पडद्यावरचा वेग कितपत खरा?

घाटाच्या वळणावरून सायकल भरधाव खाली येते आहे. स्वाराच्या हेल्मेटवरील कॅमेऱ्याने टिपलेला तो थरार आपण घरबसल्या अनुभवतो. पडद्याच्या कोपऱ्यात वेगमापकाची तबकडी असते, तिच्याखाली उंचीचा आलेख आणि शेजारी नकाशावरून सरकणारा ठिपका. अशा चित्रफिती आता इंटरनेटवर पदोपदी दिसतात. तबकडीवर ‘६२’ हा आकडा उमटला, की पाहणारा तो निःशंकपणे मान्य करतो. वस्तुतः हा आकडा भिंगाने टिपलेला नसतो. तो संगणकाने नंतर चित्रावर रेखाटलेला असतो. करमणुकीपुरता प्रश्न असेल तोवर त्यात वावगे काही नाही. परंतु अपघातानंतर ‘माझा वेग एवढाच होता’ असे सांगण्यासाठी हीच चित्रफीत पुढे केली जाते, तेव्हा हे आकडे कोठून येतात हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

एका फाइलमध्ये दोन नोंदी

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ग्राहकयंत्र आपले स्थान ठरवते. नागरी वापरासाठीच्या संदेशांत मुद्दाम मिसळली जाणारी त्रुटी अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केली आणि सर्वसामान्यांच्या हातात काही मीटरपर्यंत अचूक स्थान सांगणारे साधन आले. पुढे हे ग्राहकयंत्र कॅमेऱ्यातच बसू लागले. गोप्रो कंपनीच्या २०१६ मधील ‘हिरो ५ ब्लॅक’ या कॅमेऱ्यात चित्र आणि ध्वनी यांच्या जोडीने आकड्यांचा एक स्वतंत्र प्रवाह त्याच फाइलमध्ये साठवला जाई. त्यात दर सेकंदाला स्थानाच्या १८, त्वरणमापकाच्या २०० आणि जायरोस्कोपच्या ४०० नोंदी होत. सर्वच कॅमेऱ्यांत ही सोय नसते. याच कंपनीने २०२३ च्या ‘हिरो १२’ मधून जीपीएस वगळले आणि २०२४ च्या ‘हिरो १३’ मध्ये ते पुन्हा आणले. ज्याच्या कॅमेऱ्यात ते नाही, तो मनगटी घड्याळातील किंवा सायकलच्या संगणकातील नोंदींची फाइल वापरतो.

‘टेलिमेट्री ओव्हरले’, ‘रेसरेंडर’ किंवा ‘डॅशवेअर’ यांसारखी सॉफ्टवेअर हे आकडे बाहेर काढतात, त्यांची चित्राशी वेळ जुळवतात, मधल्या जागा भरतात आणि तबकडी रेखाटून नवी चित्रफीत तयार करतात. यातील वेळ जुळवणे आणि जागा भरणे या दोन पायऱ्या सर्वांत नाजूक आहेत.

वेळेची जुळणी

आकडे आणि चित्र एकाच यंत्रात नोंदले गेले असतील तर काम सोपे. घड्याळ वेगळे असेल तर मात्र एका सेकंदाचा फरकही महाग पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. शिवाय अनेक कॅमेरे ‘सेकंदाला ३० चौकटी’ म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात २९.९७ चौकटी टिपतात. हिशेबात सरळ ३० धरल्यास तासाभराच्या चित्रीकरणाअखेर ३.६ सेकंदांची तफावत पडते. म्हणजेच ताशी ६० च्या वेगाला तब्बल ६० मीटरची! म्हणून जाणकार मंडळी ठळक खूण असलेला एखादा क्षण निवडतात. उदाहरणार्थ, गाडी थांबल्यावरचे पहिले हलणे. त्यावरून ते जुळणी करतात आणि चित्रफितीच्या शेवटी ती पुन्हा तपासून पाहतात.

जुळणी झाली तरी मधल्या जागा उरतातच. घड्याळ सेकंदाला एकच नोंद करत असेल आणि चित्रात ३० चौकटी असतील, तर त्यांपैकी २९ चौकटींवरील आकडा मोजलेला नसतो, तो अंदाजाने भरलेला असतो. त्यातच तबकडीचा काटा थरथरू नये म्हणून सॉफ्टवेअर मागच्या आणि पुढच्या काही नोंदींची सरासरी काढते. काटा डौलदार फिरतो खरा, पण अचानक दाबलेल्या ब्रेकचे चित्र बदलते. पुढील क्षणांचे आकडे सरासरीत मिसळल्यामुळे ब्रेक दाबण्याआधीच वेग कमी होऊ लागल्याचे दिसते. अपघाताच्या वादात नेमका हाच अर्धा सेकंद कळीचा असतो.

जुहूचा किनारा समुद्राखाली?

दाखवल्या जाणाऱ्या सर्व आकड्यांत वेग त्यातल्या त्यात विश्वासार्ह. आकाश मोकळे असेल तर जीपीएस संदेशांच्या कंप्रतेतील सूक्ष्म बदलांवरून तो चांगला मोजता येतो. उंच इमारतींच्या गर्दीत किंवा अरुंद दरीत मात्र संदेश भिंतींवर आपटून उशिरा येतात आणि नकाशावरचा ठिपका रस्ता सोडून उड्या मारू लागतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरील बोगद्यांत तर संदेश पोहोचतच नाहीत. तिथे पडद्यावर दिसणारा वेग हा बहुधा आधीच्या व नंतरच्या नोंदींमधून ओढलेली सरळ रेषा असते.

सर्वांत फसवी असते ती उंची. उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायाखाली नसतात. त्यामुळे उभ्या दिशेची चूक आडव्या दिशेपेक्षा मोठी असते. त्यात आणखी एक गोम आहे. जीपीएस मुळात उंची मोजते ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. प्रत्यक्ष समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे या आकाराच्या वरखाली असते, आणि भारताच्या परिसरात ती बरीच खाली आहे. मुंबईपाशी हा फरक सुमारे ६० मीटरचा आहे. ही दुरुस्ती न करणाऱ्या यंत्राने जुहूच्या किनाऱ्यावर चित्रीकरण केल्यास आपण समुद्राच्या ६० मीटर खाली उभे असल्याचे तबकडी सांगेल! चढ-उताराच्या फरकावर याचा परिणाम होत नाही, पण ‘अमुक उंचीवर पोहोचलो’ हा दावा त्यामुळे कोलमडू शकतो.

‘जी’च्या आकड्याचेही तसेच. त्वरणमापक स्थिर ठेवला तरी गुरुत्वाकर्षणामुळे एक ‘जी’ दाखवतो आणि मुक्तपणे खाली पडताना शून्य. हँडलवर कॅमेरा सैल बसवला असेल, तर खड्ड्यातील खडखडाटही थरारक वळण म्हणून मिरवतो.

पुरावा आणि खासगीपण

तेव्हा काळजी कोणती घ्यावी? पहिली गोष्ट, मूळ फाइल कधीही पुसू नये. तबकडी लावलेली चित्रफीत हे केवळ सादरीकरण असते. तिच्यातील आकडे, जुळणी, सरासरी हे सारे तयार करणाऱ्याच्या हाती असते. तज्ज्ञाला तपासता येतो तो मूळ फाइलमधील प्रवाह. उपग्रहांची पकड त्या क्षणी कितपत चांगली होती याची नोंदही अनेकदा त्यात असते. दुसरी गोष्ट, कॅमेरा सुरू केल्याबरोबर न निघता जीपीएसची पकड बसेपर्यंत मोकळ्या आकाशाखाली थोडे थांबावे.

तिसरी गोष्ट उलट बाजूची. तबकडी दाखवली नाही तरी स्थानाच्या नोंदी मूळ फाइलमध्ये असतातच. ती फाइल जशीच्या तशी दुसऱ्याला दिली, तर रोज सकाळी आपण कोणत्या दारातून निघतो हेही त्याच्या हाती जाते. धावपटू व सायकलस्वारांच्या नोंदींवरून ‘स्ट्राव्हा’ने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशात लष्करी तळांच्या रेषा उमटल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले, तेव्हा साऱ्या जगाला हा धडा मिळाला होता. म्हणून फाइल परक्या हाती देण्यापूर्वी तिच्यातील स्थानाच्या नोंदी काढून टाकाव्यात. मात्र मूळ प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी. उद्या वेगाबद्दल वाद उद्भवलाच, तर कोपऱ्यातल्या देखण्या तबकडीपेक्षा ती प्रतच कामी येईल.