ऑपरेशन झालं, तरी पाय का ठणकतो?

मणक्यातली गादी सरकली म्हणून ऑपरेशन झालं, टाके सुकले. आणि काही महिन्यांत कमरेतून पायात जाणारी तीच कळ परतली.

कारणं अनेक. फुटलेल्या मोदकातून सारण यावं तसा गादीचा गर बाहेर येऊन नस दाबतो. सर्जन तेवढाच काढतात. उरलेला गर जुन्या भेगेतून पुन्हा येऊ शकतो. कधी जखम भरताना झालेला व्रण नसेला वेढतो. तो काढायला जावं, तर नवा व्रण तयार होतो!

गर की व्रण, हा फरक ओळखायला गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य टोचून एमआरआय करतात. रक्तवाहिन्यांमुळे व्रण उजळतो, गर सहसा काळाच राहतो.

दुसऱ्या ऑपरेशनआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्यावं. जुने-नवे एमआरआय आणि ऑपरेशनच्या नोंदी सोबत न्याव्यात. लघवी अडली किंवा जांघेतला भाग बधिर झाला, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावं.