फ्लॉप गेला कुठं?

चिप डिझाइन शिकायला आलेल्या मुलांना मी आधी रिपोर्ट वाचायला लावतो, कोड त्यानंतर. नेक्स्टपीएनआर या मोफत टूलनं आयसीई-४० जातीच्या एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर, सर्किट बसवलं की पडद्यावर तीन आकडे येतात. नुसता लट म्हणून वापरलेले सेल किती, लट आणि फ्लिप-फ्लॉप मिळून वापरलेले किती, आणि नुसत्या फ्लिप-फ्लॉपपायी खर्ची पडलेले किती. डिझाइन करणाऱ्याचा हात कसा आहे, हे या तीन आकड्यांवरून बरंचसं कळतं.

लट म्हणजे चार इनपुटांवरून एक उत्तर देणारा छोटा तक्ता. फ्लिप-फ्लॉप, म्हणजे आमच्या बोलण्यातला फ्लॉप, क्लॉकच्या ठोक्याला एक बिट पकडतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो. या चिपच्या प्रत्येक सेलमध्ये एक लट असतो आणि त्याच्या पाठीला एक फ्लॉप. जुन्या वाड्याच्या भिंतीत कोनाडा आधीच काढलेला असतो, तसा. वापरा किंवा वापरू नका, जागा त्यानं घेतलेलीच असते. म्हणून तुम्ही लिहिलेला फ्लॉप शेजारच्या लटच्या सेलमध्ये सामावून घेण्याची टूलची धडपड असते. नवी मुलं इथंच गोंधळतात. कोडमध्ये रजिस्टर आहे, यादीत मात्र त्याचा वेगळा सेल दिसत नाही. ‘टूलनं फ्लॉप खाल्ला’ हे वाक्य मी पुण्याच्या ऑफिसात ऐकलंय आणि जालन्यातही.

जालना म्हटलं की लोकांना सळया आठवतात, बियाणं आठवतं, मोसंबी आठवते. चिप डिझाइन हे पुण्या-बंगळुरूचं, महागड्या लायसन्सचं काम, असं इथल्या मुलांच्या मनात पक्कं बसलंय. ते खोडून काढायचं म्हणून सुट्टीत गावी आलो की मी मुलांना घेऊन बसतो. २०१५ साली क्लेअर वुल्फ आणि मथायस लासर यांनी आइसस्टॉर्म प्रकल्पात लॅटिस कंपनीच्या या चिपची बिटस्ट्रीम, म्हणजे चिपमध्ये भरायच्या बिटांची रचना, उलगडून जगापुढं ठेवली. योसिस हे सिंथेसिसचं, म्हणजे कोडवरून सर्किट काढणारं टूलही खुलं आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पानं ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर असंच मोफत दिलंय. परतूर-अंबडच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवरही हे सगळं चालतं, आणि आम्ही ऑफिसात ज्या प्रश्नांशी झगडतो तेच प्रश्न तिथं छोट्या आकारात समोर येतात.

एका मुलीनं सिग्नलच्या दिव्यांचं सर्किट केलं होतं. सिम्युलेशन अचूक, पण नुसत्या फ्लॉपपायी गेलेले सेल फार. “सर, लट शेजारीच हाय, तरी फ्लॉप त्याच्यात जाईना गेलाय.” कोड उघडला तर कारण समोरच होतं. पुढची स्थिती काढणाऱ्या लटचं उत्तर तिनं फ्लॉपलाही दिलं होतं आणि थेट एलईडीलाही. आयसीई-४० च्या सेलला बाहेर पडायची वाट एकच. तिथून एक तर लटचं उत्तर बाहेर येईल, नाही तर फ्लॉपचं. लटचं उत्तर दुसरीकडं कुठंही लागत असेल तर फ्लॉपला आत घेता येत नाही, त्याला वेगळा सेल द्यावा लागतो. तिनं एलईडी फ्लॉपच्या मागून जोडला. दिवा एक ठोका उशिरा लागणार, म्हणजे १२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर साधारण ८३ नॅनोसेकंद. डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्लॉप मुकाट्यानं आत गेले.

दुसऱ्या मुलानं ५१२ बाइटची मेमरी लिहिली होती. पत्ता दिला की त्याच क्षणी उत्तर हवं, क्लॉकची वाट बघायची नाही, असं त्याचं म्हणणं. या चिपमधल्या तयार मेमरीला, म्हणजे ब्लॉक रॅमला, ते जमत नाही, तिचं वाचन क्लॉकच्या ठोक्यावरच होतं. मग योसिसपुढं एकच मार्ग उरला, एकेका बिटाला एकेक फ्लॉप. ५१२ गुणिले ८, म्हणजे ४०९६ फ्लॉप. आणि मुलाच्या हातातल्या आइसस्टिक बोर्डावरच्या चिपमध्ये सगळे मिळून सेल १२८०! तेवढीच मेमरी एका ब्लॉक रॅममध्ये बरोबर मावते, कारण तो ब्लॉक ४०९६ बिटांचाच असतो, आणि त्या चिपवर असे १६ आहेत. वाचलेलं उत्तर फक्त एका रजिस्टरमधून बाहेर काढायचं होतं. ते रजिस्टर योसिस शोधून काढतं आणि रॅमच्या वाचनाच्या दारात विलीन करतं. लॉगमध्ये आधी ‘नो आउटपुट एफएफ फाउंड’ यायचं, त्या जागी ‘मर्जिंग आउटपुट एफएफ टू सेल’ आलं, तेव्हा पोरगं खुर्चीतून उठून उभंच राहिलं.

त्याच्या मित्रानं रजिस्टर उत्तराऐवजी पत्त्याला लावलं. तेही चालतं, टूल तोही फ्लॉप रॅममध्ये ओढून घेतं. पण अर्थ थोडा बदलतो. ज्या ठोक्याला एखाद्या पत्त्यावर लिहिलं जातंय त्याच ठोक्याला तोच पत्ता वाचायला घेतला, तर त्याच्या कोडप्रमाणं नवा आकडा दिसायला हवा, आणि ब्लॉक रॅम तो देईलच याची हमी नसते. मग पत्ते ताडून पाहणारं आणि नवा आकडा वळसा देऊन पुढं नेणारं जास्तीचं सर्किट टूल स्वतःहून घालतं. कोडच्या अर्थाला धक्का लावायचा नाही, ही टूलची पहिली अट. जागा वाचवणं त्याच्या मागून येतं. हे मुलांना नीट कळावं म्हणून मी तो जास्तीचा भाग त्यांना स्वतः शोधून काढायला लावतो.

मोठ्या चिपवर जोखीमही मोठी. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ३० अँटेना आहेत. तिच्या नव्या डिजिटल यंत्रणेत रोच बोर्डांवरचे व्हर्टेक्स-५ एफपीजीए काम करतात. व्हर्टेक्स-५ च्या गुणाकाराच्या सेलमध्ये २५ गुणिले १८ बिटांचा गुणक असतो आणि त्याच्या आत स्वतःची रजिस्टर असतात. ती रजिस्टर वापरली तरच तो सेल पूर्ण वेगानं धावतो. पण त्यांचा रीसेट क्लॉकबरोबरच चालतो. मी एका जुन्या प्रकल्पात पाहिलंय, प्रत्येक ब्लॉकला सवयीनं असिंक्रोनस, म्हणजे क्लॉकची वाट न बघणारा, रीसेट लावलेला होता. परिणामी एकही फ्लॉप गुणकात शिरेना. सगळे बाहेर रांगेनं बसलेले, आणि टायमिंग कोसळलेलं. आकडे वाहणाऱ्या वाटेवरचा रीसेट काढून तो फक्त ‘हा आकडा खरा आहे’ सांगणाऱ्या बिटावर ठेवला, आणि तोच कोड वेगानं पळू लागला. सवयीचा रीसेट ही मला आजही सर्वात खर्चीक सवय वाटते.

खऱ्या चिपमध्ये, म्हणजे एसिकमध्ये, फ्लॉप एकमेकांतच विलीन होतात. चार सुट्या फ्लॉपऐवजी चार बिटांचा एक सेल. क्लॉकचे इन्व्हर्टर चौघांत सामाईक, क्लॉकच्या पिना कमी, त्यामुळं क्लॉकचं जाळं हलकं आणि वीज कमी. किंमत मात्र नंतर मोजावी लागते. सेलची नावं बदलतात, आणि आधीचं-नंतरचं सर्किट तेच आहे हे पडताळणाऱ्या टूलला कोण कुठं गेलं याची फाइल द्यावी लागते. टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन कारखान्याकडं पाठवायच्या, तोंडावर आमच्याकडं चौघांतल्या एकाच बिटाला क्लॉक किंचित उशिरा पोचवायचा होता. चौघांची क्लॉक पिन एकच, त्यामुळं अख्खा सेल फोडून चार सुटे फ्लॉप परत बसवावे लागले. शेजारच्या तारा हलल्या, चाचणीसाठी फ्लॉप ओवलेली स्कॅनची साखळी पुन्हा जोडावी लागली. आमच्या टीममधल्या सीनियर मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हे चार आधीच यादीत हवे होते.”

तेव्हापासून विलीनीकरण सुरू करण्याआधी आम्ही कुणाला सुटंच ठेवायचं याची एक यादी करतो. टायमिंगच्या काठावर असलेले फ्लॉप त्यात येतात. दुसऱ्या क्लॉकवरून येणारा सिग्नल झेलणारी फ्लॉपची जोडीही येते, कारण अधांतरी अडकलेल्या बिटाला स्थिरावायला त्या दोघांनी जवळजवळ आणि सुटंच राहायला हवं. व्हर्टेक्ससारख्या एफपीजीएवर तर अशी जोडी टूल शिफ्ट रजिस्टर समजून लटमध्ये कोंबू शकतं, आणि तिथं ती आपलं काम धड करत नाही. या सुट्टीत जालन्याच्या मुलांकडून बटणाच्या सर्किटसाठी मी हीच यादी करून घेतली. दोन फ्लॉपची होती, पण प्रत्येकासमोर कारण लिहिलेलं होतं.